थंडा सोडल्यावर

विवेक रामटेके इंजिनात चढला की आधी पिशवीतून कोल्ड्रिंकची बाटली काढायचा, ती सीटच्या बाजूला घट्ट अडकवायचा आणि मगच गाडीच्या कागदांना हात लावायचा. गोंदियात कोल्ड्रिंकला सगळे थंडाच म्हणतात. त्यामुळे लॉबीत, म्हणजे मालगाड्यांचे चालक जिथे हजेरी देऊन गाडी ताब्यात घेतात त्या ऑफिसात, त्याचं नाव 'थंडावाले' पडलं होतं. त्याला त्याचा राग नव्हता. उलट कोणी नवा माणूस पेंगताना दिसला की तोच सांगायचा, "चहानं काही होत नाही गा. चहा पोटात जाते, थंडा डोक्यात जाते."

त्यात खोटंही काही नव्हतं. मालगाडीच्या कामाला ठरलेली वेळ नसते. निघालेला माणूस परत कधी येईल ते त्यालाही ठाऊक नसतं. मागून प्रवासी गाडी आली की मालगाडी बाजूच्या लाईनीवर घालतात, आणि मग सिग्नल मिळेपर्यंत तिथेच, उन्हात नाहीतर जंगलात, बसून राहायचं. झोपायचं मात्र नाही. पोटभर जेवलं की डोळे जड होतात, म्हणून जेवण कमी आणि थंडा जास्त, हे गणित त्याने असिस्टंट चालक असल्यापासून बसवलं होतं. चार घोट घेतले की झापड सरकायची, हात हलके व्हायचे, रूळ लख्ख दिसायचे. थोड्या वेळाने तीच झापड, पुन्हा चार घोट. घरी आला तरी चपला काढायच्या आधी फ्रिज उघडायचा. बायको, स्नेहल, म्हणायची, "पानी बी पीत जा ना कधी." तो हसून सोडून द्यायचा.

मग एका पावसाळ्यात पायाच्या अंगठ्याला बूट लागला आणि ती जखम दिवाळी आली तरी भरेना. तहान तर अशी लागायची की घागर तोंडाला लावावी. वजन उतरलं. स्नेहलने एक दिवस काही न विचारता त्याला गाडीवर मागे बसवलं आणि गावातल्या एका खाजगी डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं. डॉक्टरने कागद पाहिला, मग विवेककडे पाहिलं.

"दिवसभरात काय काय पिता?"

विवेकने सांगितलं. डॉक्टरने पेन खाली ठेवलं.

"तुम्ही इतकी वर्षं साखरेच्या पाकावर गाडी चालवली," तो म्हणाला. "हे आजच बंद. गोळी देतो. पण थंडा चालू ठेवाल तर गोळीचा काही उपयोग नाही."

"साहेब, ते सोडलं तर मी जागा कसा राहीन?"

"त्या थंड्यानंच तुम्हाला झोप येते. साखर चढते आणि धाडकन उतरते. थोडं थोडं, वरचेवर खा. चणे, अंडी, ताक. शरीर महिन्या-दोन महिन्यांत शिकेल."

बाहेर आल्यावर स्नेहल म्हणाली, "रेल्वेच्या दवाखान्यात दाखवू ना. तिथंच नाव लिहू."

"नाही."

"काऊन?"

विवेकने तिच्या हातातून गाडीची किल्ली घेतली. रेल्वेच्या डॉक्टरकडे साखरेची नोंद झाली की पुढे काय होतं, याबद्दल लॉबीत जितकी तोंडं तितक्या गोष्टी होत्या. कोणी म्हणे काही दिवस बसवतात आणि पुन्हा घेतात. कोणी म्हणे इंजिनावर परत चढूच देत नाहीत, कुठल्या तरी स्टोअरमध्ये खुर्ची देतात. विवेकने सगळ्या गोष्टी ऐकल्या होत्या आणि त्यातल्या सगळ्यांत वाईट गोष्टीवर विश्वास ठेवला होता. त्याचे वडील याच लाईनीवर गँगमन होते. फुलचूरच्या त्यांच्या घरी, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली, विवेकचा इंजिनाच्या दारात उभा असलेला फोटो वडिलांनीच स्वतः फ्रेम करून लावला होता. ते वारले तेव्हाही तो फोटो तिथेच होता.

"साखर ताब्यात आली की मंग दाखवू," तो म्हणाला. "आधी ताब्यात येऊ दे."

थंडा सोडणं म्हणजे काय असतं ते त्याला त्याच आठवड्यात कळलं. डोकं असं दुखायचं, जणू कोणी आतून पाचर मारून राहिलं आहे. घरी तो भांड्याच्या आवाजावरही ओरडायचा. इंजिनात बसल्यावर हात आपोआप सीटच्या बाजूला जायचा आणि रिकामा परत यायचा. दुपारी गाडी उभी राहिली की मान छातीवर पडायची. मग तो उठून उभा राहायचा, दार उघडून वारा घ्यायचा, तोंडावर पाणी मारायचा.

स्नेहलने त्याच्या पिशवीचं रूपच बदलून टाकलं. भाजलेले चणे एका डब्यात, मोडाचे मूग दुसऱ्यात, दोन उकडलेली अंडी, बाटलीत जिरं-मीठ घातलेलं ताक. भाताचा डोंगर कमी झाला, त्या जागी लाखोळीच्या डाळीचं वरण आणि ज्वारीची भाकर आली. ड्यूटीच्या आधी ती त्याला दिवसा अंधार करून झोपवायची, शेजारच्यांना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगून यायची. हिवाळा सरता सरता त्याच्या लक्षात आलं की दुपारची ती झापड आता येत नाही. चार चणे तोंडात टाकले की पुरायचं. अंगठ्याची जखम भरली. एक दिवस तो सालेकशाच्या जंगलातून गाडी आणत होता, मोहाची फुलं पडायला लागली होती, वास इंजिनात येत होता. इतक्या वर्षांत हा वास आपल्याला कधी आलाच नव्हता, असं त्याला वाटलं.

त्या दिवशी त्याच्यासोबत चेतना पटले होती. ती कामठ्याची, शेतकऱ्याची मुलगी, असिस्टंट म्हणून नव्यानेच लागलेली. नोकरी अजून पक्की व्हायची होती. विवेकसोबत तिच्या बऱ्याच फेऱ्या पडत. पहिल्या दिवशी ती इंजिनात चढली तेव्हा लॉबीतल्या काहींनी तोंडं वाकडी केली होती; विवेकने फक्त एवढं म्हटलं होतं, "सिग्नल मोठ्यानं बोलायचा. मले ऐकू आला पाहिजे." तेव्हापासून ती सिग्नल असा मोठ्याने सांगायची की विवेकला हसू यायचं. चढावर गाडी कशी ओढायची, उतारावर ब्रेक कधी धरायचा आणि कधी सोडायचा, हे तिला त्यानेच शिकवलं.

हिवाळ्यातच एकदा तिने त्याला गोळी घेताना पाहिलं, तेव्हा तो गडबडला नाही. तिला सांगितलं.

"लॉबीत बोलू नको."

"नाही बोलत, सर. माया बाबाले बी आहे साखर." मग म्हणाली, "पण तुमी दवाखान्यात सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं."

"सांगतो. थोडी अजून उतरू दे."

तिने पुन्हा विषय काढला नाही. पण त्यानंतर गाडी कुठे थांबली की ती आपल्या पिशवीतून काही ना काही त्याच्यापुढे सरकवायची.

लॉबीत मात्र त्याचा छळ सुरू होता, प्रेमाचा. थंडावाल्याने थंडा सोडला ही बातमी सगळीकडे झाली होती. कारण कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून जो तो कारण शोधून काढायचा. कोणी बाटली उघडून त्याच्या नाकाखाली धरायचं. कोणी पैज लावायचं. युनियनचा केशोराव त्याचा जुना मित्र, तो म्हणायचा, "एक घोट घे गा, कोणी पाहून नाही राहिलं." विवेक मान हलवायचा. पुढे पुढे ते मान हलवणं त्याला आवडायला लागलं. बाटली समोर आली की त्याचा हात आपोआप उठायचा आणि ती बाजूला सारायचा. त्याच्यात एक ताठपणा आला. आपण आयुष्यात एक गोष्ट स्वतःच्या बळावर केली, हे त्याला दिवसातून दहा वेळा आठवायचं.

एप्रिलमध्ये तो डॉक्टरकडे एकटाच गेला. डॉक्टर खूश होता, पण पुरता नव्हता.

"उतरली आहे. अजून थोडी हवी. दुसरी एक गोळी वाढवतो. ही जोरात काम करते, तेव्हा जेवणाआधी घ्यायची आणि लगेच जेवायचं. आणि एक लक्षात ठेवा. घाम फुटला, हात थरथरले, डोकं चालेनासं झालं तर साखर खाली गेली समजायचं. त्या वेळी साखर खायची. गूळ, ग्लुकोज, जे मिळेल ते. तेव्हा पथ्य पाहायचं नाही."

घरी आल्यावर स्नेहलने विचारलं, काय म्हणाले. विवेक म्हणाला, "उतरली म्हणाले. खूश होते." दुसऱ्या गोळीचं त्याने सांगितलं, जेवणाचं सांगितलं. शेवटचं सांगायचं राहून गेलं. लपवायचं म्हणून नव्हे. त्याला ते महत्त्वाचंच वाटलं नाही. साखर खा, हे वाक्य त्याच्या कानांनी घेतलंच नाही.

मे महिन्यात एका सकाळी तो आणि चेतना डोंगरगडकडून कोळशाची गाडी घेऊन गोंदियाकडे निघाले. ऊन असं होतं की इंजिनाच्या दाराची दांडी हाताला चटका देत होती. वाटेत एका छोट्या स्टेशनवर त्यांना बाजूला घातलं. एक गाडी गेली, दुसरी गेली, तरी त्यांचा सिग्नल काही पडेना. चणे, मूग, अंडी, ताक, सगळं सकाळीच संपलं होतं. जेवणाची वेळ झाली तशी विवेकने गोळी घेतली आणि डबा उघडला. वास आला. वरण उन्हाने विटलं होतं, भाकरीवरही ते सांडून चिकट झालं होतं. त्याने डबा बंद केला.

"सर, माया डबा तर सकाळीच संपला," चेतना म्हणाली. "थांबा, बाहेर काही भेटते का पाहतो."

ती उतरली. स्टेशनबाहेर एकच टपरी होती. ती परत आली तेव्हा तिच्या हातात बिस्किटांचा पुडाही नव्हता. टपरीवाल्याकडे तंबाखूचा खर्रा आणि थंड्याच्या बाटल्या, एवढंच होतं. तिने स्वतःसाठी एक बाटली आणली होती आणि ती पिशवीत ओशाळल्यासारखी लपवत होती.

"पी ना. माझ्यासमोर प्यायला काय होते?" विवेक म्हणाला.

तेवढ्यात सिग्नल पडला. गोंदिया काही फार दूर नव्हतं. पोहोचल्यावर जेवू, असं म्हणून विवेकने गाडी काढली.

थोडं अंतर गेल्यावर त्याच्या मानेवरून घाम ओघळायला लागला. उन्हाचा असेल, असं त्याला वाटलं. मग हाताची बोटं आपली नाहीत असं वाटू लागलं. चेतनाचा आवाज लांबून आला, "पिवळा, सर." त्यानेही "पिवळा" म्हटलं, आणि वेग उतरवलाही. पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल लाल असू शकतो, तिथे थांबायची तयारी ठेवायची. हे त्याला झोपेतही माहीत होतं.

चेतना त्याच्याकडे पाहत होती.

"सर, तुमाले घाम किती येऊन राहिला. हात पाहा तुमचे."

"काही नाही."

"साखर खाली गेली तुमची. माया बाबाचं असंच होते." तिने पिशवीतून बाटली काढली, झाकण फिरवलं. "दोन घोट घ्या. घ्या सर."

त्याच्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते त्याने नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. राग आला होता, एवढंच आठवायचं. समोर चेतना नव्हती, लॉबीतलंच कोणी होतं, नाकाखाली बाटली धरून हसणारं. मी सोडलं म्हणून सांगितलं ना, असं तो म्हणाला. कदाचित ओरडला. तिने बाटली त्याच्या ओठांपर्यंत नेली आणि त्याचा हात उठला, सवयीने, आणि बाटली बाजूला सारली. ती तिच्या हातातून निसटली, खाली आपटली, फेस उडवत घरंगळली. चेतना ती उचलायला वाकली.

ती सरळ झाली तेव्हा लाल सिग्नल समोर होता, फार जवळ.

"लाल, सर. सर, लाल."

विवेकही त्या दिव्याकडेच पाहत होता. तो लाल आहे हे त्याला दिसत होतं. लाल म्हणजे काय करायचं असतं, ते आठवत नव्हतं. चेतनाने झेप घेऊन आपत्कालीन ब्रेक ओढला. चाकं किंचाळली, मागून वाघिणींचे, म्हणजे मालडब्यांचे, धक्के एकामागून एक येत राहिले, आणि गाडी सिग्नल मागे टाकून, काही वाघिणी पलीकडे गेल्यावर थांबली.

पुढे काही नव्हतं. रूळ रिकामे होते. कोणाला खरचटलंही नाही.

चेतनाने खाली पडलेली बाटली उचलली, त्याचं तोंड धरून तळाशी उरलेला थंडा आत ओतला. थोड्या वेळाने त्याला इंजिनाचा आवाज पुन्हा आपल्या जागी ऐकू येऊ लागला. त्याने समोर पाहिलं, मग मागे पाहिलं, सिग्नल कुठे आहे ते पाहिलं. मग चेतनाकडे. ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती आणि तिचे दोन्ही हात चिकट झाले होते.

लाल सिग्नल ओलांडणं हा गाडी चालवणाऱ्याच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा गुन्हा. मागे किती वर्षं नीट काढली ते कोणी विचारत नाही. दोघांना त्याच दिवशी कामावरून उतरवलं. दारूची तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. दवाखान्यात रक्त घेतलं, तोवर बाटलीतली साखर चढली होती. आकडा असा आला की त्यावरून कोणाला काही कळू नये.

संध्याकाळी केशोराव फुलचूरला घरी आला. स्नेहलने चहा ठेवला तो त्याने घेतला नाही.

"ऐक," तो म्हणाला. "रक्तात काही निघालं नाही. खाजगी डॉक्टरचं कोणाले माहीत नाही. ब्रेक लावला पण लागला नाही, असं दोघंबी सांगा. मशीनचा मामला होते, चौकशी लांबते. तुले शिक्षा होईल, पण हलकी. पोरीलेबी हलकीच होईल. तिच्याशी मी बोललो. सर म्हणतील तसं, म्हणाली."

"आणि ब्रेक तपासून पाठवणारे जे लोक आहेत, त्यांचं काय?"

"त्यांचं ते पाहतील."

विवेक त्यानंतर बरेच दिवस नीट जेवला नाही. स्नेहल समोर बसून एकेक घास खायला लावायची. गोळी आता तीच हातात द्यायची, ताट समोर आल्याशिवाय देत नव्हती. तिला शेवटी सगळं कळलं होतं, साखर खाली गेल्यावर काय करायचं हे डॉक्टरने सांगितलं होतं तेही.  एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "मले सांगितलं असतं तर मी खडीसाखरेची पुडी टाकली असती पिशवीत."

चौकशीच्या दिवशी तो ठरवूनच गेला. खरं सांगायचं. आपलं जे व्हायचं ते होवो, पण त्या मुलीच्या अंगावर शिंतोडा नको. तिने तर गाडी थांबवली होती. तिने तर त्याला वाचवायचा प्रयत्न केला होता. हे साहेबांना कळलं की ते तिला सोडून देतील, कदाचित शाबासकीही देतील, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्या विचाराने त्याला कित्येक दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

टेबलापलीकडे तीन अधिकारी होते. चेतना त्याच्या बाजूच्या खुर्चीवर, मांडीवर हात जुळवून.

विवेकने सगळं सांगितलं. साखर, खाजगी डॉक्टर, गोळ्या, विटलेला डबा. मग म्हणाला, "साहेब, हिची काही चूक नाही. माझी साखर खाली गेली हे हिनंच ओळखलं. मला थंडा पाजायचा प्रयत्न केला, मीच हात मारला. नंतर ब्रेकही हिनंच ओढला. ही नसती तर काय झालं असतं सांगता येत नाही."

मधल्या अधिकाऱ्याने लिहिता लिहिता मान वर केली. विवेककडे नाही, चेतनाकडे.

"मतलब तुम्हें मालूम था?"

चेतनाने त्याच्याकडे पाहिलं, तसं त्याने मराठीत पुन्हा विचारलं.

"यांना साखर आहे, गोळ्या चालू आहेत, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो, सर."

"कधीपासून?"

तिने विवेककडे पाहिलं नाही. "हिवाळ्यापासून."

"आणि तुम्ही कोणाला कळवलं नाही. चालकाची तब्येत ठीक नाही हे माहीत असताना त्याच्यासोबत गाडीवर जात राहिलात."

"हो, सर."

"आणि सिग्नल जवळ येत असताना तुमची नजर सिग्नलवर नव्हती. बाटलीवर होती."

 विवेक मध्येच उभा राहिला, म्हणाला, "साहेब, मीच तिला सांगू नको म्हटलं होतं," आणि ते वाक्य तोंडातून बाहेर पडतानाच त्याला कळलं की आपण आणखी एक खिळा ठोकला. अधिकाऱ्याने तेही लिहून घेतलं.

निकाल यायला पावसाळा गेला. विवेकची नोकरी जुनी होती, मधे युनियन पडली, आजाराची कागदपत्रं जोडली गेली. त्याची पगारवाढ तोडली, पद उतरवलं, इंजिनासाठी कायमचा अपात्र ठरवलं आणि स्टोअरमध्ये बसवलं. चेतनाची नोकरी पक्की झालीच नव्हती. तिच्यासाठी इतकं काही करावं लागलं नाही. तिला काढून टाकलं.

केशोराव म्हणाला, "मी सांगितलं होतं तुले." मग त्याने विवेकच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. तेच जास्त लागलं.

धान कापणीच्या दिवसांत विवेक कामठ्याला गेला. जाऊ नका, असं स्नेहल म्हणाली होती. तरी तो गेला. चेतनाचं घर फार विचारावं लागलं नाही. रेल्वेतली पोरगी म्हटल्यावर पानठेल्यावरच्या माणसाने हाताने दाखवलं आणि उगाच थोडं जास्त वेळ त्याच्याकडे पाहिलं.

तिचे वडील, शालीकराम, अंगणात बाजेवर बसले होते. विवेकने नाव सांगितलं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"बसा साहेब. पानी घ्या."

आतून कोणी पाणी आणून दिलं. विवेकने तांब्या हातात धरून ठेवला.

"तुमालेबी साखर आहे म्हणते पोरगी," शालीकराम म्हणाले.

"हो."

"वाईट रोग. मानसाले गोड खाऊ देत नाही, कडू खाऊ देत नाही." मग ते अंगणाबाहेर पाहत म्हणाले, "तिच्या भरतीचं वय निघून गेलं, साहेब. आता दुसरी परीक्षा नाही देता येत. मी विचारलं होतं एकाले."

चेतना शेतातून आली. डोक्याला रुमाल, पायांना चिखल, हातांवर धानाच्या पातींचे ओरखडे. त्याला पाहून ती दारातच थांबली, मग नेहमीसारखं म्हणाली, "सर, कवा आले?"

वडील उठून आत गेले. विवेक बोलायला लागला. अपिलाचं बोलला, कोणाकोणाला भेटलो ते बोलला, अजून एक अर्ज करता येईल म्हणाला. ती खांबाला टेकून ऐकत होती. तो थांबला तेव्हा म्हणाली, "नाही होत, सर. मी विचारलं."

"चेतना, मी तुझ्यासाठीच खरं बोललो. तुला वाचवायला."

"मले माहीत आहे."

"मग?"

ती हातावरचा एक ओरखडा नखाने खरवडत होती.

"सर, तुमी खरं बोलले त्यात चूक नाही. पण ते खरं एकट्या तुमचं नव्हतं. आत जायच्या आधी मले विचाराले पाहिजे होतं. मी एवढंच म्हटलं असतं, सर, मले माहीत होतं असं नका बोलू. बाकी सारं बोला."

 इतक्या महिन्यांत ही साधी गोष्ट विवेकच्या मनात एकदाही आली नव्हती. ज्या दिवशी तो आपल्या खरेपणाने सुखावला होता, त्या दिवशीही तो चेतनाचा नव्हे, स्वतःचाच विचार करत होता. थंडा सोडला तेव्हाही तसंच होतं.

"चहा घेऊन जा," ती म्हणाली. "बिनसाखरेचा करतो."

"नको. निघतो."

तिने आग्रह केला नाही. तो गाडीला किक मारत होता तोवर ती पुन्हा शेताच्या वाटेला लागली होती. पुढे बायका धानाचे भारे डोक्यावर घेऊन ओळीने चालल्या होत्या. ती त्यांच्यात मिसळली आणि मग पाठमोरी कोणती तिची, ते त्याला ओळखता आलं नाही.

स्टोअरमधलं काम ठरावीक वेळेचं होतं. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. जेवण वेळेवर, गोळी वेळेवर, झोप रात्रीची. पुढच्या तपासणीला डॉक्टरने कागद पाहिला आणि हसून म्हणाला, असा निकाल मी फार कमी पेशंटमध्ये पाहतो. थकवा येतो का, असंही त्याने विचारलं. विवेकने खरं तेच सांगितलं. थकवा अजिबात नव्हता. पहाटे जाग यायची ती ताजी यायची. दुपारी डोळ्यांवर झापड नाही, हातापायांत जडपणा नाही. इतका जोर अंगात तरुणपणीही नव्हता.

तो स्टोअरच्या खुर्चीवर बसायचा. समोर फळ्यांवर नट, बोल्ट, झेंड्या, दिव्यांच्या काचा. दिवसातून दोन-तीन माणसं यायची, काहीतरी मागायची, तो काढून द्यायचा. मग दार ओढलं जायचं. डोकं लख्ख असायचं, आणि त्या लख्ख डोक्यात एकही गोष्ट पुसट होत नसे. दुपार सरायची नाही. मोठ्या लाईनीवरून मालगाडी गेली की फळ्यांवरच्या काचा बारीक किणकिणायच्या, आणि तो पूर्ण जागा राहून त्या थांबायची वाट पाहायचा.